अँजेला बर्डेट-कूट्स : वारशाचा पैसा, त्यावरची अट आणि एका बाईचं देणं

मुक्ता_धरमपेठ (सोमवार, रात्री 9.20)

1837 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये एका 23 वर्षांच्या मुलीकडे जवळपास 18 लाख पौंडांची इस्टेट आली. एका वर्तमानपत्राने हिशेब मांडला की एवढं सोनं 13 टनांच्या वर भरेल आणि उचलायला 107 माणसं लागतील. त्या मुलीचं नाव अँजेला बर्डेट. हा धागा तिच्यासाठी.

आमच्या वाचनगटात दानशूर बायकांवर बोलणं निघालं तेव्हा हिचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसा आला कसा ते आधी पाहू. अँजेलाचे आजोबा थॉमस कूट्स म्हणजे कूट्स बँकेचे मालक. पहिली बायको वारल्यावर लगेचच, 1815 मध्ये, त्यांनी हॅरिएट मेलन या नटीशी लग्न केलं. हॅरिएट गरिबीतून, फिरत्या नाटक कंपनीतून वर आलेली. घरच्यांना ही नवी बायको पसंत नव्हती. 1822 मध्ये थॉमस गेले आणि सगळं हॅरिएटच्या नावे करून गेले. तिने पुढे एका ड्यूकशी, म्हणजे बड्या सरदाराशी, लग्न केलं, पण बँकेतला हिस्सा आपल्या हातातून सुटू दिला नाही. मरताना तिने थॉमसच्या नातवंडांमधून अँजेलाची निवड केली. सहा भावंडांतली ही सगळ्यात धाकटी. वडील सर फ्रान्सिस बर्डेट सुधारणावादी खासदार, सरकारशी भांडून 1810 मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात जाऊन आलेले.

मृत्युपत्रात अटी होत्या. कूट्स आडनाव लावायचं. मुद्दल विश्वस्तांकडे राहील, उत्पन्न तहहयात तिचं. आणि परदेशी माणसाशी लग्न केलं तर वारसा हातचा जाईल. हॅरिएटला पैशाच्या मागे लागणाऱ्या नवऱ्यांची धास्ती होती, आणि तिचा अनुभव पाहता ती खोटी म्हणवत नाही.

वारसा मिळाल्याबरोबर लग्नाच्या मागण्यांची रांग लागली. एक आयरिश बॅरिस्टर तर कित्येक वर्षं तिच्या मागावर होता. ती जाईल त्या गावी हा हजर. मला या सगळ्यात तिचा स्वभाव दिसतो तो तिने केलेल्या निवडीत. तिने लग्नाची घाई केली नाही. आपली जुनी शिक्षिका हॅना हिला सोबतीला ठेवलं आणि पुढची कित्येक दशकं घर, बँकेतली आपली बाजू आणि देणग्यांचा कारभार स्वतः पाहिला. 1847 मध्ये तिने एकदाच स्वतःहून लग्नाचं विचारलं, ते नेपोलियनला हरवणारे सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना. ती 32 वर्षांची, ते 77 चे. त्यांनी वयाचं कारण देऊन प्रेमाने नाही म्हटलं आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली.

तिने काय काय केलं याची यादी देत बसत नाही. गरीब मुलांच्या शाळा, घरं, चर्चेस, पाण्याचे हौद, आयर्लंडमधल्या कोळ्यांच्या मुलांसाठी शाळा, मुलांच्या छळाविरुद्धची संस्था, प्राण्यांसाठीचं काम. मला सगळ्यात जास्त थांबवलं ते युरेनिया कॉटेजने. त्यावर उद्या लिहिते, आज डोळे मिटायला लागलेत.

इतवारीचा_प्रशांत (सोमवार, रात्री 10.05)

मुक्ताताई, छान लिहिलं. नागपूरच्या इतवारीतल्या माणसाचा एक प्रश्न. बाईनं दिलं ते दिलंच, पण बँकेत तो पैसा आला कुठून, हे कोणीच काहून विचारत नाही? राजाचे, सरदारांचे पैसे सांभाळणारी बँक. त्याच लंडनमधे विणकर उपाशी मरून राहिले होते. आमच्या घरी आजोबापर्यंत माग होता. लुगडी विणायचे. गिरणीचं कापड आलं आन माग खोपडीत जाऊन पडला. कोणी शेठ आला नाही विचारायले.

मुक्ता_धरमपेठ (सोमवार, रात्री 10.30)

प्रशांतभाऊ, झोपता झोपता उत्तर देते, कारण विणकरांचा विषय तिच्या कामात फार जवळचा आहे.

लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्स हा रेशीम विणणाऱ्यांचा भाग. 1860 मध्ये इंग्लंड-फ्रान्स व्यापार करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि तिथले माग धडाधड बंद पडले. अँजेलाने तिथे बायकांसाठी शिवणशाळा चालवली. नुसती शिकवणी नव्हती, शिवणाचं कामही मिळवून दिलं जायचं. माग परत सुरू झाले का? नाही झाले. पैसा कुठून आला हा तुमचा प्रश्न खराच आहे आणि तिच्या कामाने तो पुसला जात नाही. मला एवढंच दिसतं की तिच्या वर्गातले बहुतेक जण ज्या गल्ल्यांत पाऊल टाकत नव्हते, तिथली माहिती ती मागवत होती, माणसं पाठवत होती. 1843 मध्ये तिचे मित्र, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स, गरीब मुलांची एक शाळा पाहायला गेले आणि तिला सविस्तर पत्र लिहिलं. तिथली घाण, वास, मुलांची दशा, काहीही न लपवता. ती मदतीला लगेच तयार झाली.

ॲड_सुनीता (मंगळवार, सकाळी 7.50)

कोर्टात निघण्याआधी कायद्याची बाजू मांडते, कारण त्याशिवाय या बाईचं आयुष्य नीट कळत नाही.

त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की सर्वसाधारणपणे बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. श्रीमंत घरं ट्रस्ट करून त्यातून वाट काढत. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरा हक्क देणारा कायदा आला 1882 मध्ये. म्हणजे अँजेला चाळीसहून जास्त वर्षं अविवाहित राहिली, त्यात भावनेइतकाच कायद्याचाही भाग होता असं मी मानते. कुमारिका म्हणून ती करार करू शकत होती, चेकवर सही करू शकत होती, नाही म्हणू शकत होती.

आपल्याकडे बघा. हिंदू विधवेला मिळायची ती मालमत्ता "मर्यादित". खायची, पण विकायची नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने बाईला पूर्ण मालकी दिली. पण त्याच कलमाची दुसरी पोटकलम वाचा. मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहतो. म्हणजे हॅरिएटने केलं ते आजही नागपुरात करता येतं, आणि होतं. "मुलीला हयातभर राहायला, नंतर पुतण्याला." अशी मृत्युपत्रं माझ्या टेबलावर येतात. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार, आहे, तरी हक्कसोडपत्रावर सही करायला भाऊ बहिणीला राखीच्या आसपासच घेऊन येतात. बाईच्या हातात पैसा येणं आणि तो तिच्या मर्जीने खर्च होणं यांत फार अंतर आहे. अँजेलाने ते अंतर कापलं म्हणून मला ती मोठी वाटते.

केळीबाग_विनय (मंगळवार, दुपारी 1.15)

मला तिचं फसलेलं काम जास्त शिकवून जातं. कोलंबिया मार्केट.

पूर्व लंडनच्या बेथ्नल ग्रीनमध्ये नोव्हा स्कोशिया गार्डन्स नावाचा अतिशय वाईट, घाणीने भरलेला भाग होता. ती जागा घेऊन तिने आधी गरिबांसाठी मजली घरं बांधली. ती चांगली चालली. मग शेजारी 1869 मध्ये बाजार उघडला. रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्यांना डोक्यावर छप्पर मिळावं, गरिबांना ताजं आणि स्वस्त अन्न मिळावं, हा हेतू. खर्च सुमारे 2 लाख पौंड. इमारत अशी की बघणाऱ्याला वाटावं कॅथीड्रल आहे: कमानी, उंच मनोरा, भिंतींवर खरं बोला वगैरे सुवचनं. आणि रविवारी बंद.

फेरीवाले आलेच नाहीत. रविवार हाच तिथल्या धंद्याचा दिवस. घाऊक व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. मासळीचा बाजार करून पाहिला, तोही जमला नाही. 1871 मध्ये तिने इमारत लंडनच्या नगरपालिकेला देऊन टाकली, त्यांनी 1874 मध्ये परत केली. 1880 च्या दशकात बाजार बंदच झाला आणि 1960 च्या सुमारास इमारत पाडली. आज त्याच रस्त्यावर फुलांचा बाजार भरतो, रस्त्यावरच, आणि रविवारीच.

माझी आत्या गोकुळपेठेच्या बाजारात भाजी विकायची. ती कुठे बसायची ते सांगतो. चारनंतर सावली पडते त्या बाजूला, आणि ऑफिसातून सुटलेली स्कूटर न उतरता थांबू शकेल इतक्या जवळ. मेथीच्या जुड्यांवर ओलं पोतं, कोथिंबीर मात्र उघडी, कारण वास गेला पाहिजे गिऱ्हाइकाच्या नाकात. तिला कोणी आत, दुसऱ्या रांगेत, सिमेंटचा ओटा दिला असता तर तिने तो घेतला असता आणि त्यावर रिकाम्या टोपल्या ठेवल्या असत्या. ओटे बांधून तसेच पडलेले बाजार आपल्या शहरातही आहेत. अँजेलाकडे पैसा होता, कळकळ होती, वास्तुविशारद होता. फेरीवाल्या बाईला "तू कुठे बसशील?" हे विचारणारं कोणी नव्हतं.

मुक्ता_धरमपेठ (मंगळवार, रात्री 8.45)

विनय, आत्यांचा ओटा वाचून खूप वेळ थांबले. आता युरेनिया कॉटेज.

1847 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात हे घर सुरू झालं. वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या, चोरीत पकडल्या गेलेल्या, बेघर झालेल्या मुलींसाठी. पैसा अँजेलाचा, रोजचा कारभार बराचसा डिकन्सचा. घर मुद्दाम लहान ठेवलं होतं. मुलींना धुणं, शिवण, स्वयंपाक, लिहिणं-वाचणं शिकवायचं आणि मग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, कॅनडा इकडे पाठवायचं.

बारकावे बघा. प्रत्येकीला बागेचा एक तुकडा. वागणुकीचे गुण मिळायचे आणि त्या गुणांचे पैसे साठायचे, म्हणजे जाताना हातात स्वतःची काही रक्कम. प्रत्येकीची कहाणी एकदाच ऐकून वहीत लिहून घ्यायची, त्यानंतर घरातल्या कुणी तिला मागचं विचारायचं नाही. कपड्यांवरून दोघांत वाद झाला. त्या काळी अशा संस्थांमध्ये मुलींना विटका, करडा पोशाख देत, पापाची आठवण राहावी म्हणून. डिकन्सचा आग्रह की कपडे रंगीत हवेत. अँजेलाला साधेपणा हवा होता. पण तिने ऐकून घेतलं, आणि इतकी वर्षं अशा बारीकसारीक गोष्टींवर पत्रं लिहीत राहिली. इतक्या श्रीमंत बाईने एका मुलीच्या झग्याच्या कापडावर विचार करावा, हे मला तिच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

यश किती? डिकन्सनेच 1853 मध्ये हिशेब दिला. तोपर्यंतच्या 56 मुलींपैकी 30 जणी परदेशी जाऊन नीट मार्गी लागल्या. बाकीच्यांत पळून गेलेल्या, काढून टाकलेल्या, स्वतःहून निघून गेलेल्या. हा आकडा त्याने फुगवला नाही म्हणून मला विश्वासाचा वाटतो. 1858 मध्ये डिकन्सने बायकोला वेगळं केलं. अँजेलाची सहानुभूती त्या बायकोकडे होती, आणि तिची व डिकन्सची सोबत तिथे विरत गेली.

सिस्टर_पुष्पा (मंगळवार, रात्री 9.30)

मी निवृत्त परिचारिका. आयुष्य प्रसूतीच्या वॉर्डात गेलं, म्हणून एक गोष्ट जोडते.

क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. तिथे चादरी, पट्ट्या, कपडे वाळतच नसत. ओल, थंडी, आणि जखमी माणसं ओल्या कापडावर. अँजेलाबाईंनी 1855 मध्ये कपडे वाळवायचं एक यंत्र बनवून घेतलं आणि सुटं करून जहाजाने तिथे पाठवलं. ज्यांनी पावसाळ्यात वॉर्ड सांभाळला आहे त्यांना याची किंमत कळेल. बाळंतिणीच्या चादरी श्रावणात वाळत नाहीत, दमट वास राहतो, मग आम्ही कोळशाच्या शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर दुपटी टाकायचो. देणगी देणारे पंखे देतात, पाटी लागते. चादर वाळवायचं कुणाला सुचत नाही.

आपल्या नागपूरच्या कमलाताई होस्पेट आठवल्या. त्यांच्याकडे वारशाचं काही नव्हतं. बालविधवा, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृ सेवा संघ उभा केला. त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि विटाळ. तिथून बाईला स्वच्छ खाटेवर आणायचं म्हणजे घरोघर जाऊन सासवांना पटवायचं. पुढे पद्मश्री मिळाली, पण सुरुवात चार घरं मागूनच झाली. अँजेलाबाईंच्या कामाचा मला आदर आहे. तरी कमलाताईंना रोज सकाळी पैशाची चिंता होती आणि अँजेलाबाईंना ती कधीच नव्हती, हे विसरता येत नाही.

कामठी_रोशन (बुधवार, सकाळी 11.10)

मुक्ताताईंनी सोनं उचलायला 107 माणसं लागतील असं लिहिलं, तिथेच माझं वाचन अडकलं. कारण मला लगेच जाईबाई चौधरी आठवल्या.

जाईबाई उमरेडच्या. महार कुटुंब, दुष्काळाने नागपुरात आलं. लहान वयात लग्न, आणि मग कामठीला डोक्यावर ओझी वाहायची हमाली. एका मिशनरी बाईने त्यांना थोडं शिकलेलं पाहून शिक्षिकेचं काम दिलं. जात कळल्यावर लोकांनी मुलं काढून घेतली आणि ते काम गेलं. 1922 मध्ये याच बाईने नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत पहिली अक्षरं त्या शाळेतून आली.

म्हणून अँजेलाबद्दल वाचताना माझ्या मनात दोन गोष्टी राहतात. एक, तिचा बराच पैसा केप टाउन, ॲडलेड, ब्रिटिश कोलंबिया इथे ख्रिस्ती धर्मपीठं (बिशपच्या गाद्या) उभारण्यात गेला. त्या जमिनी कुणाच्या होत्या? तिथल्या मूळ लोकांना या दानाने काय दिलं, काय घेतलं? दोन, युरेनियातल्या मुलींना समुद्रापार पाठवण्याचा अर्थ असाही होतो की इथल्या समाजाने बदलायचं नाही, मुलीने निघून जायचं. जाईबाई कुठे गेल्या नाहीत. जिथे ओझं वाहिलं तिथेच शाळा काढली.

हे लिहिताना अँजेलाला लहान करायचं नाही. पण देणाऱ्या बाईचा धागा असेल, तर ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं आणि तरी दिलं, त्यांचं नाव याच पानावर असावं.

मुक्ता_धरमपेठ (बुधवार, दुपारी 2.40)

रोशन, असावंच. मी नागपूरच्या एलएडी महाविद्यालयात शिकले, पण जाईबाईंचं नाव वर्गात एकदाही ऐकलं नाही. तुम्ही त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली वाचक.

धर्मपीठांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. तिची श्रद्धा खरी होती आणि साम्राज्याबद्दल तिच्या मनात प्रश्न नव्हते, दोन्ही खरं. समुद्रापार पाठवण्याबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. ज्या मुलीला त्या शहरात प्रत्येक पोलीस ओळखतो, तिच्यासाठी अनोळखी गाव म्हणजे सुटका असू शकते. डिकन्सचं तर म्हणणं होतं की तिथे लग्न होईल, संसार होईल, ही आशा मुलींना उघडपणे दाखवावी. अँजेलाला हे पटायला वेळ लागला.

इतवारीचा_प्रशांत (बुधवार, संध्याकाळी 6.00)

रोशनभाऊ, जोरात लिहिलं जी. आन पुष्पाताईचं शेगडीवरच्या दुपट्याचं वाचून माय आठवली.

ताई, मंग त्या लग्नाच्या अटीचं काय झालं? केलं का तिनं लग्न?

मुक्ता_धरमपेठ (बुधवार, रात्री 9.10)

केलं! आणि नेमकी तीच अट मोडून.

1871 मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिला स्वतःच्या कर्तृत्वावर बॅरोनेस हा सरदारकीचा किताब दिला. 1872 मध्ये लंडन शहराचा मानाचा नागरिक होणारी ती पहिली बाई ठरली. 1878 मध्ये हॅना वारली, आणि इतक्या वर्षांची सोबत गेल्यावर ती पार एकटी पडली. 1881 च्या फेब्रुवारीत, 66 व्या वर्षी, तिने आपला सचिव विल्यम ॲशमीड बार्टलेट याच्याशी लग्न केलं. तो 29 वर्षांचा, जन्म अमेरिकेतला. राणी नाराज, वर्तमानपत्रांत टिंगल, मित्रांनी परोपरीने समजावलं. तिच्या बहिणीने मृत्युपत्रातली अट पुढे केली. शेवटी तडजोड झाली: उत्पन्नाचा पाचात तीन हिस्सा बहिणीकडे, दोन हिस्से अँजेलाकडे.

यात नुकसान कामांचंही झालं, देणग्या आखडल्या. तरी मला तिचा निर्णय समजतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गरजा मोजणाऱ्या बाईने एकदा स्वतःची मोजली. 30 डिसेंबर 1906 ला ती गेली. घरी अंत्यदर्शनाला सुमारे 30 हजार माणसं आली, त्यांत पूर्व लंडनची गरीब माणसं फार होती. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं.

सिस्टर_पुष्पा (बुधवार, रात्री 9.45)

सुनीताताई, धाग्याच्या निमित्ताने विचारते. मला मूलबाळ नाही. सदनिका भाचीला द्यायची आहे. तिच्या नवऱ्याने ती विकायला लावू नये अशी अट मृत्युपत्रात घातली तर चालेल का?

ॲड_सुनीता (बुधवार, रात्री 10.20)

पुष्पाताई, पूर्ण मालकी द्यायची आणि वर "विकू नको" लिहायचं, अशी अट कोर्टात टिकणं कठीण. भाचीला हयातभर राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क देऊन, तिच्यामागे कोणाला मिळावी ते लिहून ठेवता येतं. मग नवऱ्याच्या दबावाखाली विकण्यासारखं तिच्या हातात काही राहत नाही. पण उद्या तिलाच आजारपणात पैशाची गरज पडली, तर तेव्हाही विकता येणार नाही. म्हणून आधी भाचीशी बोला, नवरा सोबत नसताना. तिला काय हवं ते कळलं की मग मसुदा करू. मूळ कागद, सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि कराची पावती काढून ठेवा. साक्षीदार दोन लागतील, भाची किंवा तिचा नवरा नकोत. शनिवारी दुपारनंतर मी धंतोलीत असते.

सिस्टर_पुष्पा (बुधवार, रात्री 10.25)

येते शनिवारी. त्याआधी तिला जेवायला बोलावते, एकटीला.